एका पोत्याची सावली

आज नवतपा लागला, मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. सकाळी दात घासत असतानाच मोबाइल किंचाळला. उष्णतेची तीव्र लाट, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. हा संदेश पाठवणाऱ्या माणसाला मला एकदा आमच्या घरी बोलवायचं आहे. दुपारी एक वाजता. बसायला खुर्ची देईन, पाण्याचा तांब्या समोर ठेवीन, मग बाहेर येऊन दाराला कडी लावीन आणि खिडकीतून सांगेन, बसा साहेब, चार वाजेपर्यंत घराबाहेर पडू नका.

आमचं घर स्लॅबचं आहे. मोहल्ल्यातली जवळजवळ सगळीच घरं आता स्लॅबची झाली. मातीच्या भिंतींची, कवेलूंची म्हणजे कौलांची घरं आम्ही घाईघाईनं पाडली, कारण कवेलू म्हणजे गरिबी आणि स्लॅब म्हणजे सुधारणा असं आम्हांला वाटलं. नव्या घराचा पहिला मे महिना आला तेव्हा कळलं की भिंतीला पाठ टेकता येत नाही. पंखा छतावरची आग खाली ढकलतो. कूलर आहे, पण कूलरला पाणी लागतं आणि वीज लागते, आणि नवतप्यात दोघांचंही काही खरं नसतं. तरी स्लॅब पाडून पुन्हा कवेलू घाला असं कुणी म्हटलं तर मोहल्ला त्याला वेड्यात काढील, आणि काढणाऱ्यांत मीही असेन.

गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक गावाबद्दल भांडतात आणि झाड राहून जातं. पवनी तालुक्यातलं मोठं गाव आहे, एवढं पुरे. धड खेडं नाही, धड शहर नाही. बँक आहे, आठवडी बाजार आहे, मोबाइलची चार दुकानं आहेत, आणि चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत. मोठा रस्ता जिथून गावात वळतो त्या फाट्याला लागून आमचा मोहल्ला. फाट्यावर बंडूभाऊंचं किराणा दुकान, आणि दुकानासमोर निंब.

आमच्याकडे सावली पोत्यांनी मोजतात. बाहेरच्या माणसाला हे गमतीचं वाटेल, पण मला यापेक्षा सरळ माप माहीत नाही. एक पोतं अंथरलं की एक माणूस पडतो. ज्या झाडाखाली दहा पोती अंथरता येतात ते दहा पोत्यांचं झाड. शाळेजवळची चिंच बारा पोत्यांची होती, रस्ता रुंद करताना गेली. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरचा आंबा वीस पोत्यांचा होता, तोही गेला. फाट्यावरचा निंब चाळीस पोत्यांचा. मे महिन्यात उन्हाळी धानाची कापणी असे तेव्हा बाया पहाटेच विळे घेऊन निघत आणि अकराच्या सुमारास परतत. घरात जाऊन चूल बघून यायच्या आणि काखेत पोतं मारून निंबाखाली. मग साडेचारपर्यंत तिथंच. कापणीच्या बाया, बंडूभाऊ, पोस्टमन, सायकल पंक्चर झालेला कुणी परका माणूस, सगळे आडवे. बंडूभाऊ दुकानाचं फळकूट अर्धं ओढून घेत आणि गल्ल्याजवळची गादी सोडून पोत्यावर येत. पदराच्या टोकाला बांधलेले कांदे, आंबिलीचा आंबूस वास, वाळक्या निंबोळ्या पाठीला टोचायच्या. मधूनच कुणीतरी डोळे न उघडता म्हणायचं, "सरका वं बायाहो." आणि चाळीसची चाळीस माणसं झोपेतच हातभर सरकायची, कारण सावली तेवढी सरकलेली असायची. अकराला ही सगळी मंडळी रस्त्याच्या बाजूला असे, साडेचारला बंडूभाऊंच्या भिंतीला लागलेली असे. या सरकण्यात कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

मी भूगोल शिकवतो. तीस वर्षं झाली. पृथ्वीचा कल, सूर्याचं भासमान भ्रमण, उष्ण कटिबंध, आणि अलीकडे हवामानबदल. फळ्यावर मी फार सुंदर आकृत्या काढतो. एवढं सगळं ज्याला येतं त्या माणसानं पुढं काय केलं ते सांगायचं आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

निंब आपोआप उगवलेला नव्हता. गावात वडाचा पार होता, आजही आहे. त्या पारावर आमच्या लोकांनी बसायचं नसे. उन्हातान्हात आले तरी वडाच्या सावलीबाहेर उभं राहून जे काय बोलायचं ते बोलायचं आणि जायचं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर मोहल्ल्यातल्या तरण्या लोकांनी ठरवलं की आता कुणाच्या सावलीची वाट बघायची नाही, आपली लावायची. माझे बाबा त्यांत होते. त्यांनी फाट्यावर खड्डा खणला आणि निंबाचं रोप लावलं. दोन-तीन वर्षांनी बाबांच्या थोरल्या भावाचं लग्न झालं आणि आसगावची एक मुलगी सून म्हणून या घरात आली. ती माझी मोठीमाय. आल्या आल्या सासूनं तिच्याकडे दोन कामं दिली, घरचं पाणी आणि निंबाचं पाणी. ती सांगायची, "मी आन् निंब संगंच वाढलो. एका उन्हाळ्यात माह्या खांद्याले होता, दुसऱ्या उन्हाळ्यात माह्यावरून पाहे." दूर विहिरीवरून घागरी आणून तिनं तो जगवला. पुढं निंब मोठा झाला आणि वडाच्या पारावर बसणारी मंडळीही दुपारी आमच्या निंबाखाली येऊ लागली, कारण वडाभोवती तोवर दुकानं झाली होती. त्यांना कुणी अडवलं नाही. मोठीमाय म्हणायची, पोतं ज्याचं त्यानं आणा, एवढंच. तिची स्वतःची जागा बुंध्याच्या दक्षिणेला, एका उघड्या मुळाला डोकं लावून. ती जागा सरकत नसे. भर बारालाही तिथं सावली असे, कारण वरची सगळ्यात दाट फांदी तिथं होती.

आता माझं कर्तृत्व. चार वर्षांपूर्वी गावात सुशोभीकरणाचं वारं आलं. जिथं बघावं तिथं गट्टू बसू लागले. सिमेंटच्या त्या लाल-करड्या विटांना आमच्याकडे गट्टू म्हणतात. गट्टू बसले की जागा सुधारली असं आम्ही समजतो. मातीत पाय ठेवायची आम्हांला लाज वाटते, कारण आमचे बापजादे मातीत राबले. इतर मोहल्ल्यांत गट्टू आले आणि आमच्या फाट्यावर मात्र निंबोळ्या, पाला आणि पावसाळ्यात चिखल. आम्ही मागे राहिलो असं सगळ्यांना वाटू लागलं. मोहल्ल्याची समिती बसली. अक्षर माझं चांगलं, भाषा माझी चांगली, तेव्हा अर्ज मी लिहिला. निंबाभोवती पक्का चबुतरा, त्यावर फरश्या, सभोवती गट्टू, आणि झाड लावणाऱ्यांच्या स्मरणार्थ ग्रॅनाइटचा दगड. माझ्या बाबांचं नाव सगळ्यात वर. ते वाक्य मी दोनदा लिहून काढलं होतं, नाव ओळीच्या मध्ये यावं म्हणून. हे सगळं आम्ही निंबाच्या प्रेमानं केलं, हेही इथंच सांगून टाकतो. त्याच्याबद्दल राग कुणालाच नव्हता.

ठेकेदारानं बुंध्याभोवती छातीएवढी भिंत उभी केली, आत मुरूम भरला, वरून सिमेंट ओतलं आणि पांढऱ्या फरश्या बसवल्या. गट्टूंसाठी जागा सपाट करताना वर आलेली मुळं तोडली. मोठीमाय ज्याला डोकं लावून झोपायची ते मूळही तोडलं. ती दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सिधू, त्याच्या गळ्यापर्यंत भरलं रे तुमी. तो श्वास कोठून घेईन?"

मी हसलो. म्हणालो, "मोठीमाय, झाड पानांनी श्वास घेते. वर मस्त मोकळं हाय त्याले."

"तुले मालूम असंन बापा. तू शिकला हायस."

मुळांनाही हवा लागते, पाणी खाली झिरपावं लागतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि ते त्या वेळी आठवणं यांत जेवढं अंतर असतं तेवढ्यात चाळीस पोत्यांची सावली गेली. उद्घाटनाला नारळ फुटला, भाषणं झाली, माझ्या अर्जातली दोन वाक्यं पाहुण्यांनी जशीच्या तशी वाचली आणि मी मान खाली घालून गालातल्या गालात हसत होतो.

त्याच उन्हाळ्यात निंबाला पालवी उशिरा आली आणि विरळ आली. मेच्या शेवटी वीस पोती जेमतेम मावत होती. लोक म्हणाले, यंदा मोहोर जास्त आला म्हणून. पुढच्या वर्षी पालवीच आली नाही. फांद्या टोकाकडून वाळत खाली आल्या. खाली गट्टू होते, स्वच्छ, झाडलेले, पाल्याचं एक पान नाही. दुपारी कुत्रं तिथून जाताना पाय उचलून पळायचं. बाया आपापल्या स्लॅबखाली गेल्या. फाटा दुपारभर रिकामा पडू लागला आणि आम्ही म्हणालो, गाव आता सुधारलं, लोक घरात बसतात.

मला ज्या मोसमाची आठवण आज सकाळपासून छळते आहे तो त्याच्या पुढचा. दोन वर्षांपूर्वीचा नवतपा, दुसरा दिवस. कापणी हार्वेस्टरनं झाली होती. हार्वेस्टर गेला की बांधीत लोंब्या पडलेल्या राहतात, त्यांचा सरवा वेचायला म्हाताऱ्या बाया जातात. मोठीमाय पंच्याहत्तरीच्या पुढची, पण हातपाय चालू होते, ती पहाटेच गेली. साडेअकराला परतली. माझ्या बायकोनं तिला घरातून हाक मारली, ती म्हणाली, "पडतो घडीभर," आणि पोतं घेऊन बाहेर गेली. बायकोला वाटलं शेजारी गेली असेल. मोठीमाय निंबाकडे गेली होती. बुंध्याच्या दक्षिणेला, तिच्या जागी, तिनं गट्टूंवर पोतं अंथरलं, पदर तोंडावर घेतला आणि झोपली. वर एक पान नव्हतं.

हे असं कसं केलं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. डोकं फिरलं होतं का, दिसत नव्हतं का. तिचं डोकं उन्हात तापलेलं होतं हे खरं. पण साठ वर्षं एखाद्या जागी सावली असली की पाय तिकडे जातात, डोळे वर बघत नाहीत. आपण आपल्या घरात शिरताना छप्पर आहे का ते बघून शिरतो का?

साडेबाराला बंडूभाऊ कुलूप लावायला बाहेर आले आणि त्यांना ती दिसली. त्यांनी एकट्यानं तिला उचललं, दुकानात नेलं, पिण्याच्या पाण्याची अख्खी घागर तिच्यावर ओतली आणि मला हाक मारली. मी पोचलो तेव्हा तिचं अंग कोरडं आणि भट्टीच्या भिंतीएवढं तापलेलं होतं. घामाचा थेंब नव्हता. ती आसगावच्या कुणाशी तरी बोलत होती, आईशी असावी. उजवा हात पोत्याबाहेर गेला होता. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी भाजली होती आणि त्या भाजलेल्यावर गट्टूंच्या सांध्यांच्या रेषा उमटल्या होत्या. माझ्या अर्जाचा नमुना होता तो, तसाच्या तसा.

दवाखान्यात ओली चादर, बर्फ, सलाईन. चौथ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "मले वाटलं सावली हाय तिथी." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. डॉक्टरांनी ऊन वर्ज्य केलं. तेव्हापासून ती खोलीत, स्लॅबखाली, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसते. मी स्लॅबवर चुना मारला, त्यानं थोडा फरक पडला. पण दरवर्षी उन्हाळ्यात ती आटत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, हिला दुपारी मोकळ्या हवेत, गारव्यात बसवत जा. गारवा कुठल्या दुकानात मिळतो ते त्यांनी लिहून दिलं नाही.

त्या पावसाळ्यात आम्हां शिक्षकांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यशाळेला बोलावलं. विषय, बदलतं हवामान आणि आपली गावं-शहरं. सभागृहात एसी इतका लावला होता की पहिल्या रांगेतल्या बाईंनी साडीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतला. पडद्यावर रंगीत चित्रं. हिरव्या छतांची शहरं, कारंजी, तुषार उडवणारे पंखे, झाडं अशी की एकाच मापानं कापलेली. शेवटी वक्त्यांनी कुणाला प्रश्न आहे का विचारलं. मी उभा राहिलो. म्हणालो, सर, धान कापून अकराला परत आलेल्या बाईनं चार वाजेपर्यंत बसायचं कुठं? त्यांनी माइक जवळ ओढला. मग म्हणाले, "घरात." मला टोपी दिली, पाण्याची बाटली दिली, प्रमाणपत्र दिलं. टोपी मी परतीच्या रस्त्यात फेकून दिली, प्रमाणपत्र अजून आहे.

तेव्हापासून मी शहरांकडे एकाच डोळ्यानं बघतो. नागपूरला जाणं होतं, मोठाल्या रस्त्यांच्या कडेला उभं राहून बघतो की दुपारी बारा वाजता इथं पायी चालणारा माणूस कुठं थांबेल. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. झाडं लावलेली असतात, पण रस्त्याच्या मधोमध, दुभाजकात, गाड्यांना सावली मिळावी अशी. फुटपाथवर जे झाड वाचलं असेल त्याच्या गळ्याला सिमेंट. मला कुणी विचारलं नाही, पण मी सांगतो. झाडाभोवतीची माती उघडी सोडा, निदान जेवढा त्याचा घेर तेवढी. चिखल झाला तर होऊ द्या, पाय धुता येतात. बाजार पहाटे भरवा आणि नऊला उठवा. बसची वाट बघायला लोखंडी पत्रे ठोकण्याआधी तिथं काय होतं ते एका म्हाताऱ्या बाईला विचारा. तलावांच्या काठाला फरश्या लावून ते न्हाणीघर करू नका. आणि सगळ्यात आधी, उन्हात काम करणारा माणूस दुपारी आडवा कुठं पडेल याचं उत्तर द्या. ते उत्तर नसेल तर तुमचे सगळे आराखडे चुलीत घाला, निदान तेवढा चहा होईल. यात शहाणपणाचं काही नाही. आमच्या चाळीस पोत्यांना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यांच्यातल्या कुणाला प्रमाणपत्र नव्हतं.

मागच्या वर्षी मेच्या अखेरीस समिती पुन्हा बसली. वाळलेला निंब कापायचा आणि तिथं फायबरचं शेड उभं करायचं, पंख्यांसकट. अध्यक्ष बंडूभाऊ. मी विरोध केला. म्हणालो, बुंधा खालून हिरवा आहे, नखानं खरवडून बघा.

"मास्तर, अर्ज तुमीच लेहला होता ना?" बंडूभाऊ म्हणाले. "आता तुमीच आडवे येऊन राहिले."

"म्हणूनच येतोय."

"आईकाजी माहं. म्हातारीले म्या उचललं होतं, तुमी नाही. दुसरी कोणी पडली तं पुन्हा मलेच उचला लागंन. लोकं यंदाच्या उन्हात मरतीन, आन् तुमचं झाड वीस वर्सानं सावली देईन. कोणतं पाह्यजे?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी फक्त एक वर्ष मागितलं. खूप आरडाओरड झाली. शेवटी बंडूभाऊंनीच ठरवलं, आणि ते त्यांनाच सुचू शकतं. म्हणाले, पुढच्या नवतप्याच्या पहिल्या दिवशी, भर बाराले, एका पोत्याची सावली पडली तं झाड राहीन. नाही पडली तं दुसऱ्या दिवशी आरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आलो आणि बायकोला सांगितलं. आतल्या खोलीत मोठीमाय जागी होती. तिनंही ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन फाट्यावर गेलो. आधी फरश्या उचकटल्या, मग सिमेंट फोडलं, मग मुरूम उपसला. बुंध्याची जी साल आत गाडली गेली होती ती काळी पडून भुसभुशीत झाली होती. खाली गट्टू काढले तर माती इतकी कोरडी की सब्बल वाजत होती. एक गांडूळ दिसलं नाही. अकरा दिवस रोज पहाटे मी हेच केलं. येणारे-जाणारे थांबून बघत. काहींनी विचारलं, "मास्तर, काहून तोडून राहिले चांगलं बांधलेलं?" एकानं सरळ सांगितलं की डोक्यावर परिणाम झाला आहे. ग्रॅनाइटचा दगड निघता निघता बाबांच्या नावावरूनच दुभंगला. तेव्हा मात्र मोहल्ला चिडला. बापाचं नाव फोडलं, याला लाज नाही. तो अर्धा दगड आता आमच्या न्हाणीत आहे, बायको त्यावर कपडे धुते.

मदतीला कुणी आलं नाही. पण पाचव्या दिवसापासून बायको रोज एक घागर पाणी घेऊन येऊ लागली. पहिल्या दिवशी मी हात पुढं केला तर म्हणाली, "तुमच्यासाठी नाही. मोठीमायनं निंबासाठी पाठवलं आहे. तसं सांगायलाही सांगितलं आहे." तिनं मुळाशी घागर उपडी केली आणि निघून गेली. मी घाम पुसत ती ओल मातीत जिरताना बघत उभा राहिलो.

श्रावणात बुंध्याच्या दक्षिणेला, पुरुषभर उंचीवर, सालीतून लालसर कोंब फुटले. सात होते. वरचा निंब वाळलेलाच राहिला, मेलेल्या फांद्या कापून टाकाव्या लागल्या. पण ते कोंब दिवाळीपर्यंत हातभर झाले, आणि या चैत्रात माझ्या उंचीएवढ्या फांद्या होऊन खाली झुकले. मी रोज शाळेत जाताना मोटारसायकल थांबवून खाली बघायचो. मार्चमध्ये विळ्याएवढी सावली होती. एप्रिलमध्ये सुपाएवढी.

आज पावणेबाराला आम्ही फाट्यावर जमलो. समितीचे चारजण, दुकानात आलेली काही गिऱ्हाइकं, आणि बंडूभाऊ. त्यांनी दुकानातून धानाचा कोरा बारदाना आणला होता, भांडणाला जागा नको म्हणून. आमच्या अक्षांशावर याच दिवसांत सूर्य बाराच्या सुमारास अगदी डोक्यावर येतो. मी दरवर्षी वर्गात काठी उभी करून मुलांना दाखवतो की बघा, सावली नाहीशी झाली. म्हणजे फांद्यांची सावली कुठं लांब जाणार नव्हती, त्यांच्या सरळ खाली पडणार होती, मी उकरलेल्या मातीवर. बंडूभाऊंनी तिथं पोतं अंथरलं. ते वाकले, डोळे बारीक केले, आणि बोटं लावून बघितली.

"चार बोटं बाहेर हाय. या अंगानं."

"पोतं थोडं तिरपं करा."

"तिरपं करून कोणी झोपते काजी?"

कुणीतरी म्हणालं, पानं हलतात म्हणून तसं दिसतं. कुणीतरी म्हणालं, ठरलं म्हणजे ठरलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "हळू, हळू." वळून बघितलं. मोठीमाय येत होती. डोक्यावर ओला दुपट्टा, काखेत तिचं जुनं पोतं, आणि उन्हातून, दोन वर्षांत पहिल्यांदा. कुणाकडे न बघता ती पुढं आली. बंडूभाऊंचा कोरा बारदाना तिनं पायानं बाजूला केला, आपलं पोतं त्याच जागी अंथरलं आणि बुंध्याला पाठ लावून बसली.

डोकं सावलीत. खांदे सावलीत. तो भाजलेला हात, ज्यावर रेषा अजून आहेत, तोही सावलीत. पाय बाहेर. नडग्यांपासून खाली भगभगीत ऊन पडलं होतं. बंडूभाऊ बघत होते, सगळे बघत होते. मी घाईनं पुढं झालो, तिच्या पायांपाशी उभा राहिलो, की माझी तरी सावली तिच्या पायांवर पडावी. भूगोलाचा मास्तर मी. पण भर बाराला, आज, माझी सावली माझ्याच चपलांखाली होती. तिच्या पायांवरचं ऊन तसूभर हललं नाही.

मोठीमायनं हळूहळू गुडघे पोटाशी घेतले आणि पाय आत ओढले. लुगड्याचा काठ नीट केला.

"आता माप बंडू," ती म्हणाली.

बंडूभाऊ मापायला वाकले नाहीत. त्यांनी आपला कोरा बारदाना उचलला, झटकला, घडी केली. "बसली जी म्हातारी पुरी," ते समितीला म्हणाले. "राहू द्या झाड." आणि दुकानाकडे गेले.

माणसं पांगली. मी तिथंच उभा होतो, डोकं तापत होतं, आणि सावलीत जावं की बाहेरच थांबावं ते कळत नव्हतं. मोठीमायनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांनी.

"तू कायले उभा हायस सिधू? जाय घरी," ती म्हणाली. "तुही जागा अजून उगवाची हाय."